दिवाळीत घरगुती ऑनलाइन दुकानाची जोरदार जाहिरात कशी करावी?

ठाण्यात घरून कंदील विकताना मोठ्या साइट्सपुढे कसं टिकायचं, असं तुम्ही विचारलंय. ताई, सवलतीच्या शर्यतीत उतरूच नका. आमचंही नौपाड्यात घरगुती काम आहे. पहिल्या वर्षी सरसकट ३० टक्के सूट दिली. ऑर्डरी भरपूर आल्या, हातात काही उरलं नाही.

पुढच्या वर्षी एकच व्हिडिओ टाकला: तिन्हीसांजेची गॅलरी, बांबूच्या कामट्या, त्यावर खळीने चिकटवलेला पतंगी कागद, आणि शेवटी आत दिवा लागतो. किंमत मोठ्या अक्षरांत. तोच सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला, आणि पूर्ण किमतीत माल गेला!

ऑर्डर बंद व्हायची तारीख ठळक लिहा आणि त्या दिवशी खरंच बंद करा. ‘शेवटचे २ नग’ असं खोटं मात्र कधीच लिहू नका. डार्क पॅटर्न म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्या; केंद्राच्या २०२३ च्या त्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनी अशी खोटी घाई दाखवायला मनाई केली आहे, आणि गिऱ्हाईकालाही ते कळतं.

सुरुवात कोजागिरीलाच करा. वसुबारसेला घरोघरी कंदील लागलेले असतात, तेव्हा जाहिरात कोण बघणार?