गोदामातील साठा आणि पोलीस ठाण्यातील मुद्देमाल

प्रश्न : भिवंडीजवळच्या काल्हेर येथील गोदामात मी इन्व्हेंटरी को-ऑर्डिनेटर आहे आणि पोलीस उपनिरीक्षकपदाच्या परीक्षेची तयारी करत आहे. या कामाचा पुढे उपयोग होईल का? पोलीस ठाण्याच्या प्रमुखाकडे नेमकी कोणती कामे असतात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : उपयोग होईल, पण निवडीसाठी नव्हे. लोकसेवा आयोगाच्या पूर्व व मुख्य परीक्षेत किंवा शारीरिक चाचणीत गोदामातील अनुभवाला वेगळे गुण नाहीत. मुलाखतीत त्यावर प्रश्न आला, तर तेवढाच.

ठाणे आणि नवी मुंबई आयुक्तालयांत पोलीस ठाण्याचे प्रमुख वरिष्ठ पोलीस निरीक्षक असतात. गुन्हे नोंदवून घेणे, तपास कोणाकडे द्यायचा हे ठरवणे, केस डायरी (तपासाची रोजची नोंद) वाचून तपासातल्या त्रुटी दाखवणे, गस्त आणि बंदोबस्त लावणे, शस्त्रागारावर लक्ष ठेवणे ही त्यांची रोजची कामे. यात सर्वांत अवघड, माझ्या मते, मनुष्यबळाची वाटणी : गणेश विसर्जनाच्या दिवशी सगळे बंदोबस्तात असताना कोणता तपास थांबू शकतो आणि कोणता नाही, हे त्यांनाच ठरवावे लागते.

तुमचा अनुभव खरा कामी येतो तो मुद्देमालात, म्हणजे गुन्ह्याच्या तपासात जप्त केलेल्या वस्तूंच्या सांभाळात. पंचनामा करून लाखबंद केलेली वस्तू, तिच्यावरची चिठ्ठी, मुद्देमाल नोंदवहीतला क्रमांक आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेची पोच यांत तफावत आढळली की बचाव पक्षाचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो. नोंदी मुद्देमाल कारकून ठेवतो, पण जाब प्रभारी अधिकाऱ्याला द्यावा लागतो. सायकल काउंटमध्ये (साठ्याच्या थोड्या थोड्या भागाच्या ठराविक मोजणीत) दोन खोके कमी भरले, तर तुम्ही शेजारचे रॅक पाहता, चलन ताडून बघता आणि शेवटी व्यवस्थापकाच्या सहीने ॲडजस्टमेंट एन्ट्री टाकून नोंद प्रत्यक्ष साठ्याशी जुळवता. मुद्देमालात अशी एन्ट्री नसते. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते, आणि कलम 497 नुसार मालमत्ता सादर झाल्यापासून 14 दिवसांत न्यायालयाने तिची यादी करून, त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा असतो. ठाण्याच्या आवारात गंजत पडलेली वाहने कमी करायची, तर हा पाठपुरावा अधिकाऱ्यानेच करायला हवा.

भिवंडीसारख्या ठिकाणी आणखी एक फायदा आहे. गाळ्यातून माल गेल्याची तक्रार आली, की ती चोरी आहे की आवक नोंदवतानाची चूक, हे ई-वे बिल (मालवाहतुकीचे जीएसटी कागदपत्र) आणि चलन वाचता येणाऱ्या अधिकाऱ्याला लवकर उमगते.

नोकरी मात्र निकाल लागेपर्यंत सोडू नका.