सहा वाजताची चिडचिड

प्रश्न : सातपूरला कारखान्यात जनरल शिफ्टला आहे. साडेबाराला डबा, चारला चहा-बिस्किट, रात्री नऊला जेवण. सहाला घरी पोचते तेव्हा डोकं इतकं तापलेलं असतं की मुलांवर विनाकारण ओरडते. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन जेवणांत साडेआठ तास जातात आणि चहा-बिस्किटाने ते निभत नाहीत. मैदा-साखर पटकन पचते. रक्तातली साखर उतरू लागली की शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं सोडतं. धडधड, चिडचिड त्यातूनही येते. चहा खुशाल घ्या, पण बिस्किटांऐवजी मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम फुटाणे आणि थोडे शेंगदाणे. ते सावकाश पचतात. हंगामात १०-१२ द्राक्षं जोडा. नुसत्या द्राक्षांवर मात्र भागत नाही. चिवडा चालेल, पण वाटीत काढून. पिशवीतून खाल्ला की हिशेब राहत नाही!

भुकेची वाट न पाहता चारच्या चहाबरोबरच खा. राग चढल्यावर खाल्लेलं अंगी लागेपर्यंत भांडण होऊनही जातं. रविवारीच सहा पुड्या बांधून पर्समध्ये टाका. उकडलेली अंडी नेणार असाल तर ती उन्हातल्या डिकीत ठेवू नका, खराब होतात.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि घाम, थरथर होत असेल, तर लगेच चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी साखर तपासा आणि डॉक्टरांना कळवा.