एडीएचडीचं औषध चालू असलेला पोलीस स्पर्धेत धावू शकतो का?

भाऊ गोवा पोलिसांत शिपाई, शर्यतींत धावतो, आता एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अस्वस्थपणाच्या विकाराचं, निदान झालंय. गोळी सुरू केली तर डोपिंगमध्ये अडकेल का, असं तुम्ही विचारलंय.

सगळं गोळीवर अवलंबून. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, बंदीच्या यादीत आहे, पण बंदी स्पर्धेच्या काळापुरती, आणि तो काळ आदल्या रात्री ११.५९ ला सुरू होतो. ‘सकाळची गोळी चुकवली’ म्हणून सुटका नाही, अंश लघवीत सापडू शकतो. राष्ट्रीय पातळीवर उतरणार असेल तर नाडाकडे, म्हणजे भारताच्या डोपिंगविरोधी संस्थेकडे, टीयूई, म्हणजे उपचारासाठीची सूट, मागायची. स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी, मानसोपचारतज्ज्ञाच्या सविस्तर अहवालासकट. बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, दाखवा, सरकारी कागद हाती असलेला बरा. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स मिथाइलफेनिडेटच रीतसर परवानगीने घेत होती. २०१६ मध्ये हॅकरांनी तिचे कागद फोडले, पण त्यात गैर काही निघालं नाही. ॲटोमॉक्सेटीन हे एडीएचडीचं दुसरं औषध यादीत नाही, ते चालेल का हे डॉक्टरांनाच विचारा.

नोकरीचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत ऑटिझम आहे, एडीएचडीचं नाव नाही. त्यामुळे कायद्याच्या भरवशावर राहू नका.

जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या बंदोबस्तात असा माणूस बहुधा खुलतो. त्याची दमछाक होते ती स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत. खिशात छोटी वही ठेवायला सांगा. वेळ, गाडीचा नंबर, नाव तिथल्या तिथे टिपायचं, ड्युटी संपल्यावर आठवून नव्हे.