‘लॉक’ म्हणजे कुलूप नव्हे

प्रश्न असा आहे: फेज-लॉक्ड लूपवरच्या (येणाऱ्या संकेताशी आपल्या ऑसिलेटरची लय जुळवून ठेवणाऱ्या सर्किटवरच्या) एका मराठी टिपणात त्या नावासाठी ‘कला-कुलूपित पाश’ आणि ‘सिलेक्टेबल लूप फिल्टर’साठी ‘निवडक पाश-गाळणी’ असे शब्द आले आहेत. ते चालतील का? नसतील तर काय लिहावे?

‘कला’ चालेल. चंद्राची कला तीच तरंगाची कला, आणि ‘कलांतर’ पाठ्यपुस्तकांत रुळलेला आहे. ‘प्रावस्था’ मात्र इथे नको, तो बर्फ-पाणी-वाफेसाठी ठेवलेला. वायरमनच्या तोंडचा ‘फेज’ही उत्तम. ‘पाश’ म्हटले की फासच डोळ्यांपुढे येतो. इथे तर संकेत फिरून आपल्याच जागी परततो. ‘फेरा’ जवळचा, पण मी ‘लूप’च ठेवेन.

खरी अडचण ‘कुलूप’ची. कुलूप लागले की वस्तू हलत नाही. इथे उलट आहे: येणारी वारंवारता सरकली की आतला ऑसिलेटरही तिच्या मागे सरकतो. तबलजी गवयाची लय धरतो, तसेच. कलांतर शून्यच हवे असेही नाही. सीडी ४०४६ या फेज-लॉक्ड लूपच्या चिपमध्ये कलांची तुलना करणारे दोन तुलनाकार आहेत. त्यांतला पहिला, एक्स-ऑर (दोन इनपुट वेगळे असतील तेव्हाच वर जाणारा) तुलनाकार वारंवारतेच्या पट्ट्याच्या मध्यावर ९० अंश राखून लय धरतो. फ्रेंच अभियंता आंरी द बेलसीझ यांनी १९३२ मध्ये या तऱ्हेच्या रेडिओग्रहणावर लिहिले तेव्हा शब्द वापरला तो ‘समकालिक’ अशा अर्थाचा. त्यात कुलूप नव्हतेच.

शिवाय एका ‘लॉक’मध्ये दोन क्रिया दडल्या आहेत आणि मराठीत त्यांना दोन वेगळी क्रियापदे तयार आहेत: पकडणे आणि धरून ठेवणे. सुटा असलेला लूप जेवढ्या पट्ट्यात स्वतः जुळतो तो पकड-पल्ला; जुळल्यावर जेवढ्यापर्यंत सुटत नाही तो धर-पल्ला. एक्स-ऑर तुलनाकारात धर-पल्ला (तुलनाकार आणि ऑसिलेटर यांच्यामधल्या) फिल्टरवर अवलंबून नसतो, पकड-पल्ला असतो: फिल्टर अरुंद केला की पकड आखडते. दुसऱ्या तुलनाकारात दोन्ही पल्ले सारखेच, तिथे फिल्टरमुळे पकडायला लागणारा वेळ तेवढा बदलतो. ‘कुलूप-पल्ला’ लिहिणाऱ्याला हा फरक सांगताच येणार नाही.

बदलत्या फिल्टरची गरज यातूनच येते. पकडायला रुंद हवा, धरून ठेवायला अरुंद.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. १ किलोहर्ट्झवरून १०० किलोहर्ट्झ काढायचे, म्हणजे तुलनेआधी ऑसिलेटरची वारंवारता भागणारा भाजक १००. ५ व्होल्ट पुरवठा, दुसरा तुलनाकार (१३ नंबरची पिन), ऑसिलेटरची चढण (नियंत्रण-व्होल्टेजमागे वाढणारी वारंवारता) व्होल्टला सुमारे १६ किलोहर्ट्झ. तुलनाकाराकडून ९ नंबरच्या पिनेकडे (ऑसिलेटरच्या नियंत्रणाकडे) ३६० के, म्हणजे किलोओहम. त्या पिनेवरून जमिनीकडे ४३ के आणि १ मायक्रोफॅरड एकसरीत. लूपची नैसर्गिक वारंवारता सुमारे ५ हर्ट्झ, अवमंदन (झोके शमण्याचे माप) ०.७ च्या आसपास. हा अरुंद. आता ४०६६ या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या चिपमधल्या एका स्विचने ३६० के ला १० के समांतर जोडा, दुसऱ्याने ४३ के ला ७.५ के. नैसर्गिक वारंवारता सुमारे २५ हर्ट्झ, अवमंदन पुन्हा ०.७. हा रुंद.

दोन्ही स्विच एकदमच चालले पाहिजेत. फक्त ३६० के चा बदलला तर अवमंदन २ च्या घरात जाते आणि लूप रेंगाळतो. फक्त ४३ के चा बदलला तर ते ०.१५ वर उतरते आणि लूप झोके घेत बसतो. कपॅसिटर बदलून फिल्टर निवडायची हौस तर नकोच: रिकामा कपॅसिटर जोडला गेला की ९ नंबरचा व्होल्टेज कोसळतो आणि धरलेले सुटते. म्हणून कपॅसिटर एकच, भरलेला. बदलायचे ते रेझिस्टर. तो कपॅसिटर फिल्मचा घ्या, इलेक्ट्रोलिटिकची गळती कलांतर सरकवते. मोजतानाही प्रोब ९ नंबरच्या पिनेवर लावू नका, १० नंबरच्या पिनेवरून १० के जमिनीला जोडून तिथे वाचा.

निवड आपोआप व्हावी असे वाटत असेल तर ४०४६ ची १ नंबरची पिन कामाला येते. धरलेले असताना ती बहुतेक वेळ वर असते, सुटल्यावर वारंवार खाली येते. रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीने तिची सरासरी काढून ती एका श्मिट इन्व्हर्टरमधून (वरचे खाली, खालचे वर करणाऱ्या गेटमधून) ४०६६ च्या नियंत्रण-पिनांना जोडा; सुटले की स्विच चालू होतात आणि फिल्टर रुंद होतो.

उरला ‘निवडक’. निवडक कविता म्हणजे आधीच कोणीतरी निवडलेल्या. त्यामुळे ‘निवडक फिल्टर’ वाचणाऱ्याला तो ठरावीक वारंवारताच निवडून घेणारा फिल्टर वाटेल, आणि ती वेगळीच गोष्ट. ‘निवडणीय’ करू नये, मराठी धातूला ‘-नीय’ हे संस्कृत शेपूट शोभत नाही. ‘निवडता येणारा फिल्टर’ तीन शब्दांचा आहे खरा, पण निःसंदिग्ध आहे. वारंवार लिहायचे असेल तर ‘निवडयोग्य’. गाळणीबद्दल माझा हट्ट नाही, तरी चहाच्या गाळणीत टाकायचे ते वर राहते आणि इथे टाकायचे ते कपॅसिटरवाटे जमिनीत जाते, तेव्हा ‘फिल्टर’ बरा.

आकृतीत स्विचच्या दोन स्थितींना नावे द्यायचीच तर ‘रुंद’, ‘अरुंद’ लिहिण्याऐवजी सरळ ‘पकड’ आणि ‘धर’ लिहा.