2 टीबीच्या डिस्कवरचा झेडएफएस पूल (झेडएफएस या फाइलसिस्टिमने सांभाळलेली साठवणुकीची जागा) 8 टीबीच्या डिस्कवर कसा हलवावा? डीडी (डिस्कची जशीच्या तशी नक्कल करणारी कमांड) चालेल का?

चालेल, पण मी करणार नाही. डीडी रिकामी जागाही इमानेइतबारे उतरवत बसतं, तोवर पूल बंद ठेवावा लागतो, आणि शेवटी एकाच ओळखीच्या दोन डिस्क हातात येतात. दोन्ही एकदम जोडल्या की गोंधळ ठरलेला.

तुमचा पूल एकाच डिस्कवर आहे, म्हणजे काम सोपं आहे. नवी डिस्क जुनीचा मिरर, म्हणजे तोच डेटा ठेवणारी जोडीदार, म्हणून जोडा: झेडपूल अटॅच, मग पूलचं नाव, मग जुनी डिस्क, मग नवी. डिस्कचं नाव एसडीबी, एसडीसी असं देऊ नका, रीबूटनंतर ते बदलू शकतं. बाय-आयडी फोल्डरमधलं, सिरियल नंबर असलेलं नाव घ्या. मग रिसिल्व्हर, म्हणजे जुनीवरचा डेटा नवीवर उतरवणं, सुरू होईल. त्यात फक्त वापरातले ब्लॉक उतरतात, चेकसम (डेटा बिघडलाय का ते ओळखणारा आकडा) तपासून, आणि पूल तोवर चालूच राहतो.

अटॅचच्या जागी चुकून अ‍ॅड टाइप करू नका. मी केलंय, रात्री एक वाजता. एका डिस्कच्या पूलमध्ये दुसरी सुटी डिस्क घालायला झेडएफएसची काहीच हरकत नसते, साधी ताकीदही देत नाही. मिरर होत नाही, नवा डेटा दोन्हींवर विखुरला जातो, आणि एक डिस्क गेली की पूल गेला. माझ्या नशिबाने झेडपूल रिमूव्हने ती परत काढता आली. रेडझेड (अनेक डिस्कचा पॅरिटीवाला गट) असतं तर तेही जमलं नसतं.

रिसिल्व्हर झालं की एक स्क्रब, म्हणजे सगळ्या डेटाची तपासणी, चालवा. तो स्वच्छ निघाल्यावर बहुतेक जण जुनी डिस्क डिटॅच करतात, म्हणजे मिररमधून काढून टाकतात. मी स्प्लिट करतो. डिटॅच केलेली डिस्क सहजी इम्पोर्ट होत नाही, म्हणजे पूल म्हणून परत उघडत नाही. स्प्लिटमध्ये मात्र ती नव्या नावाचा स्वतंत्र पूल बनते. कमांडमध्ये जुन्या डिस्कचं नाव आवर्जून द्या, नाहीतर मिररमधली शेवटची, म्हणजे तुमची नवी कोरी डिस्कच वेगळी व्हायची. जुनी महिनाभर कपाटात राहू दे.

जागा वाढलेली दिसली नाही तर घाबरू नका. ऑटोएक्स्पांड (जागा आपोआप वाढवणारी सेटिंग) मुळात बंद असतं, म्हणून नव्या डिस्कवर झेडपूल ऑनलाइन -ई चालवा. आकडा सव्वासातच्या आसपास दिसेल, कारण झेडएफएसचा हिशेब 1024 च्या पटीत चालतो.

आणि हो, हे सगळं सुरू करण्याआधी पूलचा अ‍ॅशिफ्ट (पूल किती मोठ्या सेक्टरने लिहितो ते ठरवणारा आकडा) बघून घ्या. 12 असेल तर उत्तम. 9 असेल तर मिररबरोबर तोच नव्या डिस्कवर येईल, नंतर बदलता येत नाही आणि 4 केच्या (4096 बाइट सेक्टरच्या) डिस्कवर लिहिणं मंदावतं. तसं असेल तर अटॅच सोडा, नवा पूल बनवून झेडएफएस सेंड-रिसीव्हने डेटा हलवा.