माण तालुका कायम दुष्काळी का? तिथला इतिहास आणि माणसं कशी आहेत?

प्रश्न दोन दिसतात, पण माणमध्ये उत्तर एकच आहे: पाऊस किती पडतो यापेक्षा तो कधी पडतो.

महाबळेश्वर आणि माण दोन्ही सातारा जिल्ह्यातच. तिकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, इकडे साधारण 450 ते 500. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये माणमधल्या दहिवडी-म्हसवडकडे नुसता कोरडा वारा सुटतो. भरवशाचा पाऊस परतीचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमधला, उत्तरा आणि हत्ती (हस्त) नक्षत्रांचा. म्हणून खरं पीक रब्बीचं. माळाच्या हलक्या रानात खरिपाची बाजरी, मटकी, हुलगा. भारी काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी.

शाळू 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान पेरतात. एकरी चार किलो बी, दोन ओळींत 45 सेंटीमीटर. वाण बहुतेक मालदांडी, कारण कडबा चांगला मिळतो आणि इथे कडब्याची किंमत धान्याइतकीच. त्यानंतर पाऊस जवळजवळ नाहीच, सगळं पीक जमिनीतल्या ओलीवर. म्हणून तीन कोळपण्या, म्हणजे ओळींमधली माती कोळप्याने भुसभुशीत करणं: तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. पहिली तणासाठी. शेवटची भेगा बुजवण्यासाठी, आणि चुकतं ते हिच्यातच. पीक कमरेला आलं की माणसं आळस करतात, काळी जमीन फाटते, भेगेतून खोलवरची ओल उडून जाते आणि कणीस पोचट राहतं.

माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे भीमेला मिळते, पण वर्षातले बरेच महिने तिचं पात्र कोरडंच असतं. म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव 1876 च्या दुष्काळातल्या कामांतून उभा राहिला. बुडीत जमीन माणची आणि पाण्याचा बराचसा लाभ खालच्या दिघंची-सांगोल्याकडे, ही सल अजून बोलून दाखवली जाते आणि ती रास्त आहे. आता उरमोडी आणि जिहे-कठापूर या सिंचन योजनांचं पाणी काही भागांत पोचलंय. 2017 च्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेत बिदालसारख्या गावांनी श्रमदानाने पाणी अडवलं. माझं स्पष्ट मत: अडवलेल्या पाण्यावर ऊस लावला की दोन-तीन वर्षांत बोअर पुन्हा कोरडे. खाली बेसाल्टचा कातळ आहे, त्यात पाणी साठायला फार जागा नाही.

माणूसही याच वेळापत्रकाने घडला. धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेच्या बागायती पट्ट्यात उतरतात, रात्री शेतात मेंढरं बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. बाकीच्यांनी मुंबई गाठली. मागे राहिलेल्या बायकांनी घरं चालवली. 1997 मध्ये म्हसवडला माणदेशी महिला बँक उभी राहिली ती याच मातीत. रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावलेली ललिता बाबर इथल्याच मोहीची.

महिमानगड आणि वारुगड पाहाच, पण माण समजून घ्यायचा तर चैत्र शुद्ध द्वादशीला शिखर शिंगणापूरला जा. सासवडची कावड कऱ्हा नदीचं पाणी घेऊन मुंगी घाटाने चढते. उभा कडा. माणसांची साखळी करून अवजड कावड हातोहात वर सरकवतात. खालच्या बाजूला उभे राहिलात तर सगळी चढण दिसते. ते पाणी मग शंभू महादेवाला घालतात.