यूशिवाय क्यू : स्क्रॅबलमधल्या एका अडचणीबद्दल

प्रश्न असा आहे : ‘मुलीबरोबर स्क्रॅबल खेळताना क्यू हातात येतो आणि यू काही येत नाही. यू न लागणारे क्यूचे इंग्रजी शब्द कसे शोधायचे? याद्या पाठ करून पाहिल्या, राहत नाहीत.’

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ. त्यासाठी याद्या सोडून द्या. या शब्दांचं गोत्र एकदा कळलं की ते आपोआप लक्षात राहतात, आणि त्यातले बरेचसे तर आपण रोजच्या मराठीत वापरतो.

क्यूला यू चिकटला तो लॅटिनमुळे. लॅटिनमध्ये ‘क्व’ हा उच्चार क्यू-यू असा लिहीत. जुन्या इंग्रजीत मात्र राणीसाठीचा शब्द सी-डब्ल्यूने सुरू व्हायचा. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर लेखनिकांनी फ्रेंच वळण उचललं आणि राणीला क्यू-यू मिळाला. म्हणून अस्सल इंग्रजी किंवा लॅटिन-फ्रेंच वळणाच्या शब्दांत यूशिवायचा क्यू शोधण्यात वेळ घालवू नये. तो सापडतो बाहेरून आलेल्या शब्दांत, आणि त्यातही सगळ्यांत जास्त अरबी शब्दांत.

अरबीत दोन ‘क’ आहेत. एक आपल्यासारखा, दुसरा घशातून खोल काढलेला, त्याचं नाव क़ाफ़. या खोल ‘क’साठी रोमन लिपीत हल्ली क्यू वापरतात. पूर्वी इंग्रज सरळ के किंवा सी लिहीत. त्यामुळे इंग्रजी कोशांत एकाच शब्दाची दोन-तीन स्पेलिंगं नांदतात, आणि खेळणाऱ्याच्या फायद्याची गोष्ट नेमकी हीच. फकीर एफ-ए-के-आय-आर असा चालतो, तसाच के काढून क्यू घातला तरी चालतो. काजी हा क्यू-ए-डी-आय. तलाकच्या शेवटी क्यू. वक्फ डब्ल्यू-ए-क्यू-एफ. बुरख्यातला आपला ‘ख’ तिकडे क्यू होतो. म्हणजे पहिली युक्ती ही : अरबी किंवा हिब्रू वळणाचा, के असलेला शब्द आठवा आणि के जागी क्यू घालून कोशात पाहा. हिब्रूतलं शेकेल हे नाणं दोन्ही प्रकारे चालतं. हिब्रू लिपीतलं ‘कोफ’ हे अक्षरही चालतं, क्यू-ओ-पी-एच. रोमन क्यूचा आणि या कोफचा पूर्वज एकच, त्यामुळे हा शब्द मला फार आवडतो.

इथे मराठी कानावर पूर्ण विसंबून मात्र राहू नका. आपण दोन्ही ‘क’ एकच करून टाकले. हक्क, अक्कल, नक्कल यांत मुळात खोल ‘क’ आहे. वकील आणि कबाब यांत साधा. म्हणून वकील इंग्रजीत केनेच लिहितात, तिथे क्यू घालून चालणार नाही.

अर्थाच्याही दोन फसव्या जागा आहेत. क्यू-ए-आय-डी हा शब्द दिसला की आपल्याला तुरुंगातली कैद आठवते, पण इंग्रजीतला शब्द ‘पुढारी’ या अर्थाचा आहे, जीनांच्या ‘कायदे-आझम’ या उपाधीतला. कैदेचं मूळ वेगळं. तसंच क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे तंबूची कनात नव्हे. तो आहे जमिनीखालून उतारानं पाणी आणणारा बोगदा, ज्याला ठरावीक अंतरावर वरून विहिरीसारखी तोंडं असतात. मूळ पद्धत इराणची. मलिक अंबरनं सतराव्या शतकात आजच्या छत्रपती संभाजीनगरात आणलेली नहर याच पद्धतीची. ती ज्यानं पाहिली असेल तो हे स्पेलिंग विसरणार नाही.

आता सगळ्यांत कामाचा शब्द, आणि तो चिनी आहे : क्यू-आय, उच्चार ‘ची’, अर्थ प्राणशक्ती. (‘ताई ची’ या व्यायामातला ‘ची’ चिनीत वेगळा शब्द आहे.) स्क्रॅबलमध्ये मान्य शब्दांची उत्तर अमेरिकेची एक यादी आहे, आणि बाहेर बऱ्याच ठिकाणी चालणारी कॉलिन्सची दुसरी. हा शब्द उत्तर अमेरिकेच्या यादीत 2006 मध्ये आला, कॉलिन्सच्या यादीतही आहे. हिशेब पाहा. शंभर सोंगट्यांत क्यू एकच, यू चार, पण आय नऊ. म्हणजे यूची वाट पाहण्यापेक्षा आय मिळण्याचा संभव दुपटीहून जास्त. क्यूचे दहा गुण. तो अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात पडला आणि आडवा-उभा दोन्हीकडे ‘ची’ झाला, तर एकतीस अधिक एकतीस, बासष्ट गुण दोन-तीन सोंगट्यांत येतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. आर्क्टिक प्रदेशातल्या भाषांतून उमियाक नावाची होडी आली आहे, शेवटी के किंवा क्यू. अल्बानियाचं किंदार हे छोटं नाणं क्यूनं सुरू होतं. कळफलकाच्या पहिल्या सहा अक्षरांचा ‘क्वर्टी’ हाही शब्द चालतो. इराक, कतार मात्र विशेषनामं, ती चालत नाहीत.

कोशात शोधायचं तर फोनवरच्या अनेक कोशांत अनोळखी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि कितीही अक्षरांसाठी तारका टाकता येते. तारका, क्यू, तारका असं लिहिलं की क्यू असलेले सगळे शब्द येतात. त्यातून क्यूच्या पाठोपाठ यू असलेले वगळायचे. डाव मांडण्याआधी कोणता कोश प्रमाण मानायचा ते मुलीशी ठरवून घ्या. कॉलिन्सच्या यादीत दोन अक्षरी शब्दसुद्धा उत्तर अमेरिकेच्या यादीपेक्षा जास्त आहेत.

आणि एक शब्द मनात धरून ठेवा : कव्वाली. क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. बरोबर सात अक्षरं, कॉलिन्समध्ये मान्य. डब्ल्यू दोनच असतात, ते दोन्ही हातात यावे लागतात, पण आले तर घरांचे जादा गुण न धरताही बावीस अधिक हातातल्या सातही सोंगट्या एकदम लावल्याचे पन्नास. हा शब्द अरबी ‘क़ौल’वरून आला. क़ौल म्हणजे बोल, वचन. आपण देवाला कौल लावतो आणि निवडणुकीत मतदारांचा कौल म्हणतो, तो हाच.